तलवार हाती घेणारा मांत्रिक

मंत्रविद्या आणि शस्त्रविद्या या दोन्ही एकाच वीराच्या ठायी नांदाव्यात, ही माणसाची फार जुनी हौस आहे. आपल्याकडे परशुराम आणि द्रोणाचार्य यांची नावे या संदर्भात सहज ओठांवर येतात. पाश्चात्य कल्पनाकथांनाही ही हौस अपरिचित नाही. टॉल्किन यांचा गँडाल्फ हा जादूगार काठीबरोबर ग्लॅमड्रिंग नावाची तलवार बाळगतो. मायकेल मूरकॉक यांचा, १९६१ साली वाचकांपुढे आलेला एलरिक तर जादूगार, राजा आणि तलवारबहाद्दर असा तिन्ही भूमिकांत वावरतो. मौज अशी की, ज्या खेळाने असल्या कथा मेजाभोवती आणून बसवल्या, त्या खेळाने पहिल्याच दिवशी मांत्रिकाच्या हातातली तलवार काढून घेतली. आणि ती परत मिळवण्यासाठी त्या खेळाचे खेळाडू आज पन्नास वर्षे झटत आहेत.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीवा या गावाहून तो प्रसिद्ध झाला. यात सारीपाटासारखा पट असलाच पाहिजे असे नाही. चारपाच मित्र मेजाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. प्रसंग कोणता, समोर शत्रू कोण, दार उघडले तर आत काय, हे तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र वठवतात आणि आपले पात्र काय करील ते सांगतात. कृती सफल झाली की फसली, याचा निवाडा फासे करतात. त्यांत वीस बाजूंचा फासा मुख्य. पात्राला पेशा असतो, अनुभवाबरोबर ते एकेक पायरी वर चढते, आणि त्याची अंगभूत शक्ती आकड्यांनी मांडलेली असते. नाटक, बखर आणि हिशेबाची वही यांचे हे एक चमत्कारिक मिश्रण आहे असे म्हटले तरी चालेल.

१९७४ च्या नियमांत पेशे तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. योद्ध्याला सर्व शस्त्रे व सर्व चिलखते मोकळी. मांत्रिकाला चिलखत वर्ज्य आणि शस्त्र म्हणाल तर फक्त खंजीर. यामागे मांत्रिकाविषयी आकस नव्हता. मांत्रिक आरंभी दुबळा असला तरी पुढे एका मंत्राने अख्खी तुकडी जाळू शकतो. त्या भावी सामर्थ्याची किंमत त्याने आज भरावी, असा तो व्यवहार होता. मंत्र वापरला की तो स्मृतीतून पुसला जातो, ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकावरून घेतली. मंत्र संपलेला मांत्रिक म्हणजे खंजीर घेऊन भिंतीशी उभा राहिलेला एक पोरका माणूस. योद्धे मित्र पुढे उभे राहिले तर तो जगणार, नाहीतर नाही. ही परावलंबी अवस्था ज्यांनी अनुभवली, त्यांच्याच मनात तलवारीची इच्छा प्रथम उत्पन्न झाली असल्यास नवल नाही.

नियमांत एक फट मात्र ठेवलेली होती. एल्फ या वनवासी, दीर्घायुषी जमातीच्या पात्राला योद्धा आणि मांत्रिक हे दोन्ही पेशे करण्याची मुभा होती. एका मोहिमेत योद्धा, पुढल्या मोहिमेत मांत्रिक. चालू मोहिमेत पेशा बदलायचा नाही. शिवाय योद्धा म्हणून चौथ्या आणि मांत्रिक म्हणून आठव्या पायरीवर त्याची वाटचाल खुंटत असे. १९८१ च्या सुबोध आवृत्तीत तर एल्फ हाच एक पेशा ठरला: चिलखत घालावे, तलवार चालवावी आणि मंत्रही म्हणावेत. पण दुसरी पायरी गाठायला योद्ध्याला अनुभवाचे २,००० गुण पुरत, मांत्रिकाला २,५०० लागत, आणि एल्फला ४,०००. दोन्ही विद्यांचे शुल्क जवळजवळ बेरजेने वसूल केले जाई. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने कोणालाही कोणताही पेशा जोडून घेण्याचे स्वातंत्र्य दिले, परंतु चिलखतावर निराळाच कर बसवला. कातड्याचे चिलखत घातले तर मंत्र फसण्याचा धोका शंभरात १०, कड्याकड्यांचे घातले तर ३०, आणि संपूर्ण पोलादी पत्र्याचे घातले तर ३५.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा करही रद्द केला. ज्या चिलखताची सवय पात्राला झालेली आहे, ते घालून मंत्र म्हणायला हरकत नाही, एवढाच साधा नियम उरला. त्यामुळे पुष्कळांचा असा समज झाला की आता अडचण संपली. वस्तुतः ती नुसती जागा बदलून बसली आहे, आणि ती कोठे बसली आहे हे कळल्याशिवाय चांगला शस्त्रधारी मांत्रिक रचता येत नाही.

प्रथम चिलखताचाच हिशेब पाहू, कारण तो सर्वांत सोपा आहे. ऑर्क नावाचा एक दांडगा शत्रू या खेळात नित्य भेटतो. तो वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात ५ मिळवतो, आणि बेरीज पात्राच्या संरक्षणांकाइतकी किंवा त्याहून अधिक भरली की वार लागतो. सामान्य मांत्रिकाचा संरक्षणांक १२ धरला, तर फाशाच्या वीस बाजूंपैकी १४ बाजू ऑर्कच्या लाभाच्या ठरतात. मंत्राने अंगाभोवती अदृश्य कवच निर्माण केले तर अंक १५ होतो, आणि लाभाच्या बाजू ११ उरतात. कड्यांचे चिलखत व ढाल घेतली तर अंक १८. लाभाच्या बाजू ८. त्यावर ऐन वेळी 'शील्ड' हा क्षणिक रक्षणमंत्र उच्चारला तर आणखी ५ वाढून अंक २३, आणि ऑर्कच्या पदरी तीनच बाजू पडतात. त्याच्या एका वाराने सरासरी ९ गुणांची इजा होते. पहिल्या पायरीवरच्या, बऱ्यापैकी काटक अशा मांत्रिकाचे प्राणबळ अवघे ८ असते. १४ बाजू आणि ३ बाजू यांतील अंतराचा अर्थ त्यावरून उमजावा.

हे चिलखत मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एक पायरी योद्ध्याच्या पेशात काढून मग आयुष्यभर मांत्रिक होणे. येथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि नवखे खेळाडू नेमके येथेच फसतात. ज्याचा आरंभ योद्धा म्हणून होतो, त्याला जड चिलखत मिळते आणि काटकपणाच्या कसोटीत विशेष प्रावीण्यही मिळते. जो आधी मांत्रिक झाला आणि मागाहून योद्ध्याची पायरी चढला, त्याला मध्यम चिलखत व ढाल एवढेच हाती लागते. पायऱ्यांची बेरीज दोघांचीही सारखी, पण पहिली कोणती यावर सारा जन्म ठरतो. सरकारी नोकरीत प्रथम नेमणूक कोणत्या संवर्गात झाली यावर जसे पुढचे पुष्कळसे अवलंबून असते, तसाच हा प्रकार!

काटकपणाचे प्रावीण्य एवढे का मोलाचे, हे समजण्यासाठी एकाग्रतेचा नियम पाहायला हवा. पुष्कळ उत्तम मंत्र उच्चारून संपत नाहीत. ते चालू राहतात आणि ते चालू ठेवण्यासाठी मांत्रिकाला चित्त एकाग्र ठेवावे लागते. अशा वेळी त्याला इजा झाली की फासा टाकावा लागतो. १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांतला जो आकडा मोठा असेल तेथपर्यंत बेरीज पोचली नाही तर मंत्र तुटतो. रथाचे चाक रुतलेल्या कर्णाला नेमका त्याच घटकेला अस्त्राचा मंत्र आठवेनासा झाला, ही कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना या नियमाची भयानकता निराळी समजावून द्यायला नको. आणि तुटलेला मंत्र एकट्या मांत्रिकाचे नुकसान करत नाही. मित्राला त्याने वेगवान केले असेल, तर मंत्र तुटताच तो मित्र शत्रूंच्या गराड्यात एक पूर्ण पाळी निश्चल उभा राहतो. मांत्रिकाने हौसेने पुढे जाऊन खाल्लेल्या एका वाराची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.

आकड्यांत सांगायचे तर, पाचव्या पायरीवरच्या शुद्ध मांत्रिकाचा काटकपणा २ ने साहाय्य करतो असे धरल्यास, साधारण वारानंतर एकाग्रता टिकण्याची शक्यता शंभरात ६५. योद्धा म्हणून जन्मलेल्याची ८०. फरक थोडा वाटतो, पण आघाडीवर वार एकच थोडा बसतो? लागोपाठ दोन वार बसले की पहिल्याची शक्यता ४२ वर येते, दुसऱ्याची ६४ उरते. 'वॉर कास्टर' हे विशेष कौशल्य घेतले तर अशा प्रसंगी दोन फासे टाकून चांगला तो धरता येतो, आणि शुद्ध मांत्रिकाचीही एका वारापुरती शक्यता ८८ च्या जवळ जाते. म्हणूनच ज्याला पुढे उभे राहायचे आहे, त्याने हे कौशल्य टाळणे शहाणपणाचे नव्हे.

या कौशल्याचा दुसरा उपयोग हातांशी निगडित आहे. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल घेतली की मंत्राची मुद्रा करायला तिसरा हात कोठून आणायचा? वर ज्या २३ अंकाचे कौतुक केले, तो रक्षणमंत्रही मुद्रेचा मंत्र आहे. कौशल्य नसेल तर तलवार म्यानात घालून वा टाकून देऊन हात मोकळा ठेवल्याशिवाय तो म्हणता येत नाही. कागदावर अभेद्य दिसणारी कितीतरी पात्रे या एका हातापायी सूत्रधारापुढे निरुत्तर झाली आहेत.

आता अंगभूत गुणांकडे वळू. आरंभी प्रत्येक पात्राला २७ गुणांचे अनुदान मिळते आणि ते सहा खात्यांत वाटायचे असते: बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव. ८ हा पाया फुकट. १३ पर्यंत चढायला ५ गुण लागतात, १४ ला ७ आणि १५ ला ९. म्हणजे वरच्या पायऱ्या महाग. मांत्रिकाला बुद्धी हवी, योद्ध्याला बळ किंवा चापल्य हवे, आणि पुढे उभे राहणाऱ्या प्रत्येकाला काटकपणा हवा. तीन खाती तुडुंब भरावीत तर बाकीची तिन्ही रिकामी पडतात. कड्यांच्या चिलखतासाठी बळ १३, काटकपणा १४ आणि बुद्धी १५ घेतली की २१ गुण खर्च झाले. उरलेल्या ६ मध्ये विवेक १२ आणि चापल्य १० बसवता येते. प्रभाव ८ वरच राहतो. अंदाजपत्रक बरोबर जुळले. पण या गृहस्थाचे बळ १३ आहे हे विसरून चालणार नाही. त्याची तलवार शोभेची आहे! तो पुढे उभा राहील, सहसा पडणार नाही, शत्रूची वाट अडवील. परंतु शत्रूला मारायचे काम त्याचे मंत्रच करतील.

येथे या विषयाचे खरे मर्म हाती लागते. 'मंत्र आणि तलवार' या एकाच नावाखाली दोन अगदी निराळी पात्रे वावरतात. एक चिलखत घातलेला मांत्रिक, दुसरा मंत्र जाणणारा योद्धा. दुसऱ्याचा नमुना म्हणजे पाचव्या आवृत्तीतील 'एल्ड्रिच नाइट' ही योद्ध्याची शाखा. तिच्यात मंत्र तिसऱ्या पायरीवर सुरू होतात आणि फार सावकाश वाढतात. ज्या तिसऱ्या श्रेणीच्या मंत्रात प्रसिद्ध अग्निगोल येतो, ती श्रेणी मांत्रिकाला पाचव्या पायरीवर मिळते, तर या योद्ध्याला तेराव्या. त्याने अग्निगोलाची आस धरून बसणे म्हणजे निवृत्तिवेतनाच्या भरवशावर लग्न लांबवण्यासारखे आहे. शिवाय त्याचे २७ गुण बळ आणि काटकपणात गेलेले असल्याने बुद्धी बेताची. ज्या मंत्रांत शत्रूला प्रतिकाराची संधी असते, ते याच्या तोंडून निघाले तर शत्रू बहुधा झुगारून देतो. त्याने ज्या मंत्रांना बुद्धीची गरजच नाही असे निवडावेत: रक्षणमंत्र, स्वतःच्या तीन प्रतिमा उभ्या करून शत्रूला चकवणारा मंत्र, क्षणार्धात तीस फुटांवर प्रकट होण्याचा मंत्र. हे मंत्र तलवारीची जागा घेत नाहीत. तलवार जेथे पोचायला हवी तेथे तिला पोचवतात.

या दोन वाटांपैकी एकीवरही न जाता जो अगदी मधोमध चालू पाहतो, त्याची स्थिती मात्र केविलवाणी होते. पाच पायऱ्या योद्ध्याच्या, पाच मांत्रिकाच्या, अशी समान वाटणी दिसायला न्याय्य असते. दहाव्या पायरीवर पोचलेल्या या पात्राजवळ एका पाळीत दोन वार आणि तिसऱ्या श्रेणीचे मंत्र असतात. म्हणजे दोन्ही बाबतींत ते पाचव्या पायरीवरचेच. त्याच्या शेजारी बसलेला शुद्ध मांत्रिक पाचव्या श्रेणीचे मंत्र म्हणत असतो, आणि समोरचे शत्रू दहाव्या पायरीला साजेसेच असतात. ते कोणाची वाटणी पाहून सौम्य होत नाहीत. त्यात पाळी एकच. त्या पाळीत मुख्य कृती एकच: वार करा, नाहीतर मंत्र म्हणा. दोन विद्या शिकलेल्याला दोन पाळ्या मिळत नाहीत. एक ना धड, भाराभर चिंध्या ही म्हण अशा पात्रासाठी जणू आधीच करून ठेवली होती.

पाळीची ही कोंडी फोडण्याचे काही प्रयत्न रचनाकारांनी केले आहेत. २०१५ साली आलेली आणि २०२० साली सुधारलेली 'ब्लेडसिंगर' ही मांत्रिकाची शाखा त्यांत सर्वांत देखणी. हलके चिलखत, ढाल नाही, तलवार एका हातात आणि दुसरा हात मोकळा. तिच्या खास नृत्यमय आवेशात असताना बुद्धी संरक्षणांकातही मिळवली जाते आणि एकाग्रतेच्या फाशातही. आणि सुधारित नियमानुसार सहाव्या पायरीपासून दोन वारांपैकी एकाच्या जागी छोटा मंत्र म्हणता येतो. मंत्रांची वाढ कोठेही खुंटत नाही. उणीव एकच: प्राणबळ मांत्रिकाचेच राहते, त्यामुळे जो वार लागतो तो खोल लागतो. उलट २०१७ ची 'हेक्सब्लेड' ही शाखा अति उदार ठरली. तिच्यात मध्यम चिलखत व ढाल पहिल्याच पायरीवर, आणि तलवारीचा नेमही बळावर नव्हे, तर मंत्रांना लागणाऱ्या प्रभावावरच. दोन खात्यांचा खर्च एका खात्यात आला. परिणामी, जिच्याशी आपल्या पात्राच्या कथेचा काडीचा संबंध नाही अशी ही एक पायरी कित्येकांनी केवळ सवलतीसाठी चढून घेतली. किंमत न मोजता मिळालेली तलवार मेजावर फिकी वाटते, अशी तक्रार मग खेळाडूंनीच केली.

या सर्व खटाटोपात एक साधा मार्ग मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. १९७४ मध्ये जो तिसरा पेशा होता, त्या धर्मोपदेशकाला चिलखत आणि मंत्र दोन्ही पहिल्यापासूनच मोकळी होती. बंधन होते ते धारदार शस्त्र न वापरण्याचे, आणि मंत्र दुसऱ्या पायरीपासून मिळण्याचे. पाचव्या आवृत्तीत तर पाचव्या पायरीवरचा धर्मोपदेशक आपल्याभोवती पंधरा फुटांपर्यंत रक्षक आत्म्यांचे वलय निर्माण करतो. त्यात सापडलेल्या शत्रूची गती निम्मी होते आणि त्याला प्रत्येक पाळीला तीन फाशांची इजा सोसावी लागते. हा मंत्र दूर उभे राहून वापरायचाच नाही. तो म्हणावा, ढाल पुढे करावी आणि शत्रूंच्या घोळक्यात चालत जावे. पण धर्मोपदेशक म्हटला की जखमा बांधणारा मागचा माणूस अशी समजूत एकदा रूढ झाली, ती काही केल्या जात नाही. मांत्रिकाला तलवार हवी म्हणून जो खेळाडू चार ग्रंथ पालथे घालतो, तो शेजारच्याच पानावरच्या या पेशाकडे ढुंकून पाहत नाही.

कोणत्याही वाटेने गेले तरी पात्र रचण्यापूर्वी एक चौकशी करणे उचित असते, आणि ती आकड्यांची नसून मेजाभोवतीच्या मंडळींची असते. पुढे उभा राहणारा खंदा योद्धा आधीच कोणी घेतलेला असेल, तर मांत्रिकाने तेथे जाऊन अर्धी जागा अडवण्यात काय हशील? त्याला वार पडू नयेत म्हणून योद्धा मागे सरकणार, आणि योद्ध्याला मंत्राचे बळ मिळावे ते मांत्रिक स्वतःवरच खर्च करणार. पण जेथे तीनच खेळाडू आहेत, पुढे उभे राहायला कोणी नाही आणि मागे उभे राहायला जागा नाही, तेथे चिलखत घातलेला मांत्रिक अवघ्या मंडळाला तारून नेतो. अरुंद भुयार, मशालीचा उजेड, समोर तीन ऑर्क. तो ढाल पुढे करून दाराच्या चौकटीत उभा राहतो; मागे दोघे मित्र धनुष्य सज्ज करतात. पहिला ऑर्क फासा टाकतो: १४ आणि ५ मिळून १९. लागला म्हणायचा. मांत्रिकाजवळ आज दोनच मंत्र शिल्लक आहेत आणि सूत्रधार विचारतो आहे, रक्षणमंत्र आताच म्हणायचा, की उरलेल्या दोघांसाठी राखून ठेवायचा?